धातुशोधकाचा आवाज आणि सुरक्षेचा हिशेब

गणेशोत्सवाचे दिवस आले की पुण्यातील कसबा पेठेच्या अरुंद रस्त्यांवर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. शहराचे ग्रामदैवत आणि मानाचा पहिला गणपती याच पेठेत. तांबट आळी, लाल महाल आणि शनिवारवाडाही हाकेच्या अंतरावर. २०२४ साली भुयारी मेट्रोचे स्थानकही येथे सुरू झाले. जिथे एवढी माणसे इतक्या थोड्या जागेत एकत्र येतात, तिथे त्यांच्या सुरक्षिततेची चिंता प्रशासनाने वाहावी हे योग्यच. या चिंतेचे सर्वांत परिचित चिन्ह म्हणजे रक्षकाच्या हातातील दोन वितींचा काळा दांडा. बोलीत ज्याला सर्रास मेटल डिटेक्टर म्हणतात, तो धातुशोधक.

देवळांपाशी, मांडवांपाशी, नाट्यगृहांत, बाजारसंकुलांच्या दारांत या दांड्याचा आवाज आता नागरिकांच्या अंगवळणी पडला आहे. रक्षक दांडा फिरवतो, दांडा वाजतो, आणि पुष्कळदा तो आवाज विरण्यापूर्वीच माणसाला पुढे जाण्याची खूण होते. खिशात किल्ल्या आहेत, भ्रमणध्वनी आहे, कमरेला पट्टा आहे हे रक्षकही जाणतो आणि येणाराही. मग वाजले त्याचा अर्थ काय? आणि नाही वाजले तर त्याचा अर्थ काय? सार्वजनिक पैशातून किंवा लोकवर्गणीतून ही साधने घेतली जातात, आणि लोकांचा वेळ त्यांच्यापुढे रांगेत खर्ची पडतो. म्हणून त्यांचे मूल्यमापन व्हावयास हवे. हे मूल्यमापन केवळ यंत्राचे करून भागणार नाही. यंत्र, ते चालविणारा माणूस, त्याला मिळणारा अवधी आणि त्याला नेमून दिलेला प्रश्न या चारही गोष्टींचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.

यंत्र काय सांगते, काय सांगत नाही

या साधनाचे तत्त्व जुने आहे. दांड्यातील तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला की भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे सूक्ष्म प्रवाह उठतात, त्यांचे स्वतःचे क्षेत्र तयार होते, आणि मूळ क्षेत्रात पडलेला हा फरक यंत्र टिपते. एवढेच त्याचे ज्ञान. कोयता आणि कुलपाची जाड किल्ली यांतील भेद त्याला कळत नाही. स्फोटक पदार्थाची त्याला वार्ता नसते. फार तर त्याला जोडलेली तार, घट किंवा घड्याळ ते ओळखील.

तांबट आळीतील कारागिराला हे वेगळे सांगावे लागणार नाही, की सगळे धातू सारखे वागत नाहीत. तांबे आणि पितळ विजेचे चांगले वाहक असल्यामुळे ठळक उत्तर देतात. लोखंड चुंबकीय असल्यामुळे उत्तर देते. परंतु ज्याला चुंबक चिकटत नाही असा स्टेनलेस पोलादाचा एक प्रकार घरोघरच्या भांड्यांत असतो. तो विजेचा फारसा चांगला वाहकही नसतो. अशा पोलादाची लहान वस्तू हेरणे सर्वांत कठीण. शिवाय अंतर वाढले की यंत्राचा प्रतिसाद झपाट्याने क्षीण होतो. पातळ पाते कोणत्या बाजूने समोर येते यावरही पुष्कळ अवलंबून असते. अंगापासून वीतभर दूर धरून झरझर फिरवलेला दांडा आणि अंगालगत सावकाश फिरवलेला दांडा ही वस्तुतः दोन निराळी यंत्रे होत. मांडवाच्या लोखंडी सांगाड्याशेजारी किंवा लोखंडी कठड्याला टेकून उभ्या राहिलेल्या रक्षकाच्या हातात तर तिसरेच यंत्र असते. ते माणसाऐवजी कठड्याला साद घालते.

या संदर्भात १८८१ सालची अमेरिकेतील घटना बोधप्रद आहे. त्या वर्षी २ जुलैला राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळीबार झाला आणि एक गोळी शरीरात रुतून बसली. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी ती शोधण्यासाठी याच तत्त्वावर चालणारे उपकरण सिद्ध केले. आधी केलेल्या चाचण्यांत ते यशस्वी ठरले होते. राष्ट्राध्यक्षांच्या शय्येपाशी मात्र ते गोंधळले. गादीखालील धातूच्या स्प्रिंगांमुळे असे झाले असे सामान्यतः सांगितले जाते. दुसरेही एक कारण होते. गोळी उजव्या बाजूस आहे अशी मुख्य वैद्यांची ठाम समजूत असल्याने शोध त्या बाजूसच घेतला गेला, आणि ती डावीकडे होती हे मृत्यूनंतर कळले. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. उपकरण खोटे नव्हते. त्याला जागा चुकीची दाखविण्यात आली होती. आजच्या धातुशोधकांच्या बाबतीतही हाच विचार प्रथम करावयास हवा.

पुण्याचा अनुभव

पुणे शहराने २०१० ते २०१४ या काळात बॉम्बस्फोटांच्या तीन घटना पाहिल्या. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत झालेल्या स्फोटाने सतरा जणांचे प्राण घेतले. तेथे स्फोटके एका पिशवीत ठेवून देण्यात आली होती. १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर कमी तीव्रतेचे स्फोट एकामागून एक झाले. त्यांत सायकलींचा उपयोग करण्यात आला होता. १० जुलै २०१४ रोजी कसबा पेठेला लागूनच असलेल्या फरासखाना पोलीस ठाण्याच्या आवारात, वाहने लावण्याच्या जागेत, एका मोटारसायकलमध्ये स्फोट होऊन काही जण जखमी झाले.

पिशवी, सायकल आणि मोटारसायकल. तिन्ही वेळा स्फोटके कोणाच्या अंगावर नव्हती. माणूस ती ठेवून निघून गेला होता. माणसाच्या खिशावरून आणि कमरेवरून फिरणाऱ्या दांड्याने यांपैकी कोणता स्फोट टळला असता? पोलीस ठाण्याच्या आवारात उभ्या असलेल्या दुचाकीच्या बाबतीत तर दारावरच्या अंगझडतीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. शहराला ज्या संकटाचा प्रत्यक्ष अनुभव आला ते संकट एक, आणि त्यावरचा सर्वांत ठळक दिसणारा उपाय दुसऱ्याच संकटावरचा, अशी ही विसंगती आहे.

याचा अर्थ दांडा निरुपयोगी आहे असा मात्र मुळीच नव्हे. पुण्यात अलीकडच्या काळात कोयते नाचवून दहशत माजविण्याचे प्रकार घडले. कोयता, सुरा, गावठी पिस्तूल यांसारख्या भरीव लोखंडी वस्तू अंगावर लपवून कोणी गर्दीत शिरू पाहत असेल, तर साधारण प्रतीचा धातुशोधकही, तो नीट फिरवला असता, त्याला अडवू शकतो. भांडणाचे पर्यवसान रक्तपातात होऊ न देणे ही काही लहान गोष्ट नाही. तेव्हा प्रश्न यंत्र हवे की नको असा नाही. कोयत्यासाठी घेतलेल्या यंत्राकडून बॉम्बची हमी मागू नये, आणि त्या हमीच्या भरवशावर पिशव्या व वाहने यांच्याकडे दुर्लक्ष करू नये, एवढाच आग्रह आहे.

रांगेचे अर्थशास्त्र

आता अवधीचा विचार करू. उदाहरणादाखल समजा, उत्सवाच्या एका दिवशी एका ठिकाणी एक लाख माणसे येतात. दांडा पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि पायांपर्यंत फिरवावयास किमान दहा सेकंद तरी लागतात. म्हणजे एका रक्षकाकडून तासाला ३६० माणसे, आणि सोळा तास अखंड काम चालले तरी ५,७६० माणसे. एक लाखांसाठी अठरा दांडे हवेत, आणि दोन पाळ्या धरल्या तर छत्तीस प्रशिक्षित माणसे. इतकी माणसे नसली की काय होते? दहा सेकंदांचे तीन सेकंद होतात. मग सहा दांड्यांत काम भागते, पण जे भागते ते काम तपासणीचे उरत नाही.

उलट, दहा सेकंदांचा आग्रह धरून माणसे मात्र वाढविली नाहीत, तर रांग वाढते. प्रत्येकाला सरासरी पंधरा मिनिटे जास्त तिष्ठावे लागले तर एक लाख माणसांचे पंचवीस हजार तास जातात. आठ तासांचा दिवस धरला तर तीन हजारांहून अधिक दिवसांचे श्रम. हा खर्च कोणत्याही निविदेत दिसत नाही, कारण तो कोणाच्या तिजोरीतून जात नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो खराच खर्च आहे, आणि नोकरदार, विद्यार्थी व कडेवर मूल घेतलेल्या स्त्रिया तो भरीत असतात.

रांगेचा आणखी एक दोष त्याहून गंभीर आहे. दाराच्या आत गर्दी होऊ नये म्हणून लावलेली चौकी दाराच्या बाहेर गर्दी निर्माण करते. २२ मार्च २०१६ रोजी ब्रुसेल्सच्या विमानतळावर झालेले स्फोट सुरक्षा तपासणीच्या अलीकडे, प्रवासी जमलेल्या दालनात झाले. आपल्याकडे तर दहशतवाद्याचीही गरज नाही. सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी अडीचशेहून अधिक भाविक चेंगराचेंगरीत आणि आगीत मृत्युमुखी पडले. चिंचोळ्या वाटेवर माणसांचा लोंढा अडला की काय होते याचे ते भीषण उदाहरण. पेठेतील आधीच अरुंद असलेला रस्ता तपासणीच्या फाटकाने आणखी अरुंद करताना हे भान सुटता कामा नये.

खोट्या आवाजांचे ओझे

हिशेबाची दुसरी बाजू शक्यतेच्या गणिताची आहे. पुन्हा तीच एक लाख माणसे घेऊ. समजा, त्यांत दहा जणांकडे हत्यार आहे आणि यंत्र व रक्षक मिळून त्यांपैकी नऊ जणांना हेरतात. ही कार्यक्षमता उत्तमच म्हणावी लागेल. किल्ल्या आणि भ्रमणध्वनी बाजूला काढून ठेवल्यावरही बांगड्या, मंगळसूत्र, पट्ट्याची कडी, चपलेतील खिळा यांमुळे शंभरांतील वीस निरपराध माणसांवर यंत्र वाजते असे धरू. म्हणजे सुमारे वीस हजार आवाज खोटे, आणि खरे केवळ नऊ. साधारण बावीसशे आवाजांमागे एक खरा. ज्या रक्षकाने सकाळपासून हजार वेळा आवाज ऐकला आणि हजारही वेळा त्यात काही निघाले नाही, तो एक हजार एकाव्या आवाजाला दचकणार तरी कसा? त्याला आळशी म्हणणे सोपे आहे. वस्तुतः व्यवस्थेनेच त्याला दुर्लक्ष करावयास शिकविलेले असते.

म्हणून किल्ल्या, नाणी, भ्रमणध्वनी आधी तबकात काढावयास लावणे आणि त्यानंतरच्या प्रत्येक आवाजाचा उलगडा करणे, या दोन गोष्टी पाळता येणार नसतील, तर दांडा फिरविण्यात अर्थ नाही. ज्या चाचणीचे उत्तर काहीही आले तरी पुढची कृती तीच राहते, तिला चाचणी म्हणता येत नाही.

धाक आणि त्याची मर्यादा

या युक्तिवादावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. तपासणीत किती हत्यारे सापडली यावरून तिचे मोल ठरवू नये, तपासणी आहे एवढ्यानेच पुष्कळ दुष्ट हेतू घरी राहतात, असे काही जण म्हणतील. यात तथ्य आहे. अमेरिकेत १९७३च्या जानेवारीपासून सर्व विमानप्रवाशांची तपासणी सक्तीची झाली आणि विमान-अपहरणांत मोठी घट झाली. विल्यम लँडिस या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ साली या अपहरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि पकडले जाण्याची वाढलेली शक्यता हे घटीचे एक महत्त्वाचे कारण मानले.

परंतु कथा तेथे संपत नाही. वॉल्टर एंडर्स आणि टॉड सँडलर यांनी १९९३ साली दाखवून दिले की, धातुशोधकांमुळे अपहरणे घटली खरी, तथापि ज्या ठिकाणी हे कवच नव्हते तेथे ओलीस धरण्याचे इतर प्रकार वाढले. एका वस्तूची किंमत वाढली की ग्राहक पर्यायी वस्तूकडे वळतो. गुन्हेगारही त्याला अपवाद नाही. एका दारावर दांडा ठेवला की धोका नाहीसा होत नाही. काही अंशी तो शेजारच्या दाराकडे सरकतो. मानाच्या गणपतींपाशी कडक बंदोबस्त आणि दोन गल्ल्या पलीकडे काहीच नाही, अशा वाटणीने शहर सुरक्षित होत नाही.

लाल महालाचा धडा

पहाऱ्याचे मर्म जाणण्यासाठी पुणेकरांना परदेशी विद्वानांकडे जावे लागत नाही. १६६३च्या एप्रिलमध्ये शाहिस्तेखान लाल महालात तळ देऊन होता, भोवती प्रचंड फौज होती, आणि परवान्याखेरीज हत्यारबंद मराठ्यांना शहरात येण्यास मज्जाव होता. तरीही लग्नाच्या वऱ्हाडाचा परवाना काढून काही मंडळी आत आली, अशी हकीकत मोगलांचाच इतिहासकार खाफीखान याने नोंदविली आहे. शिवाजी महाराजांच्या त्या असामान्य पराक्रमाची तुलना कशाशीही करण्याचा येथे हेतू नाही. येथे धडा घ्यावयाचा तो खानाच्या पहारेकऱ्यांकडून. चौकी होती, नियम होता, विचारणाही होत होती. परंतु विचारणा ठरीव साच्याची होती, आणि साचा भरला की पहारेकऱ्याचे समाधान होत होते. दांडा फिरला, वाजला, माणूस पुढे गेला, या क्रमातही असाच साचा भरला जातो.

खरेदीतील आंधळेपणा

आता खरेदीविषयी. १९७० साली जॉर्ज ॲकरलॉफ यांनी एका गाजलेल्या निबंधात दाखविले की, जिथे वस्तूचा खरा दर्जा विक्रेत्याला माहीत असतो आणि ग्राहकाला नसतो, तिथे निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावतो. सुरक्षा साधनांचा बाजार हे याचे ठळक उदाहरण, कारण येथे माल वाईट निघाला तरी पुष्कळदा वर्षानुवर्षे कळत नाही. काही घडले नाही तर श्रेय यंत्राला, आणि काही घडलेच तर दोष नशिबाला.

याची परिसीमा एडीई-६५१ या तथाकथित स्फोटकशोधकाने गाठली. जेम्स मॅकॉर्मिक या ब्रिटिश व्यापाऱ्याने ही साधने इराकला प्रचंड किमतीस विकली, आणि बगदादच्या नाक्यांवर सैनिक ती हातात धरून वाहने तपासू लागले. हरवलेले गोल्फचे चेंडू शोधण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या एका खेळण्यावरून ते बेतले होते, आणि त्यात कार्य करणारे असे काहीच नव्हते. २०१३ साली इंग्लंडच्या न्यायालयाने मॅकॉर्मिकला दहा वर्षांचा कारावास ठोठावला. आपल्या दारांवरचे धातुशोधक अशा जातीचे नाहीत. त्यांमागे खरे विज्ञान आहे. परंतु घेणाऱ्याने स्वतः चाचणी न करता विक्रेत्याच्या पत्रकावर विसंबण्याची वृत्ती मात्र तीच आहे, आणि सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याची आपली रूढी तिला खतपाणी घालते.

चाचणी कशी करावी हे काही गूढ नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय न्याय संस्थेने हातात धरण्याच्या धातुशोधकांसाठी २००३ साली सुधारित मानक प्रसिद्ध केले. निरनिराळ्या धातूंच्या, निरनिराळ्या आकारांच्या ठरावीक नमुना-वस्तू निरनिराळ्या बाजूंनी यंत्रासमोर धरून ते पारखावे, हा त्याचा गाभा. एवढी काटेकोर प्रयोगशाळा प्रत्येक मंडळाला किंवा देवस्थानाला परवडणार नाही. पण एक लहान सुरी, एक स्टेनलेस पोलादाचे पाते आणि एक पितळी तुकडा असा नमुना-संच मोहोरबंद पेटीत ठेवण्यास कितीसा खर्च येतो?

काय करावे

पहिली गोष्ट, यंत्र घेण्यापूर्वी प्रश्न ठरवावा. येथे कोयता अडवायचा आहे की बेवारस पिशवी? पिशव्यांसाठी वेगळी व्यवस्था हवी आणि वाहने गर्दीपासून दूर हवीत. दांडा त्यांची जागा घेऊ शकत नाही. दुसरी गोष्ट, प्रत्येक पाळीच्या आरंभी नमुना-संचावर प्रत्येक यंत्र तपासून त्याची नोंद वहीत व्हावी, आणि अधूनमधून पोलिसांनी साध्या वेषातील माणसाकरवी रक्षकांचीही गुपचूप परीक्षा घ्यावी. तिसरी गोष्ट, निविदेत केवळ यंत्राची किंमत न पाहता घट, दुरुस्ती आणि प्रशिक्षण यांसह काही वर्षांचा एकूण खर्च पाहावा. चौथी गोष्ट माणसाची. उन्हात अल्प वेतनावर बारा तास उभ्या केलेल्या रक्षकाकडून सावधपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ठरावीक वेळाने त्याला कामात बदल मिळावा, आणि आवाज आल्यावर काय करावयाचे हे त्याला लेखी व तोंडी शिकविलेले असावे.

शेवटची गोष्ट प्रतिष्ठेची. स्त्रियांची तपासणी स्त्रीनेच आणि आडोशाला करावी. हृदयात पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीच्या छातीवर दांडा रेंगाळू देऊ नये. मागणी केल्यास हातानेच तपासणी व्हावी. मोटारीतून आलेल्या प्रतिष्ठिताला नमस्कार आणि पायी आलेल्याला झडती, हा भेद तर ताबडतोब बंद झाला पाहिजे. तो अन्यायकारक आहेच, शिवाय तपासणीच्या मूळ हेतूलाच सुरुंग लावणारा आहे. कारण एक वाट मोकळी सोडली की बाकी वाटांवरचा खर्च पाण्यात जातो.

यांतील कोणत्याही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही. लागते ती आपण जे करतो त्याने खरोखर काय साधते हे तपासून पाहण्याची तयारी. गेल्या महिन्यात किती वेळा यंत्रांची पारख झाली, किती आवाजांचा उलगडा झाला, गुपचूप घेतलेल्या परीक्षेत किती नमुने निसटले, हे आकडे संबंधितांकडे असलेच पाहिजेत. कोणत्या दारावर काय निसटले हे जाहीर करणे शहाणपणाचे नाही. परंतु पारख होते की नाही, एवढे विचारण्याचा अधिकार रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक नागरिकाला आहे. येत्या उत्सवापूर्वी पोलीस, महापालिका आणि मंडळांचे कार्यकर्ते यांनी एकत्र बसून या एका प्रश्नाचे उत्तर तयार ठेवले, तरी पुष्कळ काम झाले असे म्हणता येईल.